हँडलचे ऑइल इंजिन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात हरभऱ्याला पहिले पाणी द्यायच्या वेळी आमच्या शिवारातील रोहित्र जळाले आणि ते बदलून मिळायला १७ दिवस लागले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे आणि मीही त्या सवलतीचा लाभ घेतो. पण रोहित्रच बंद असेल तर त्या सवलतीचा पिकाला उपयोग होत नाही. नवव्या दिवशी मी लातूरहून ६ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे आणि दोन जड चाकांचे जुने ऑइल इंजिन १९ हजारांना आणले. ते डिझेलवर चालते आणि हाताने हँडल फिरवूनच सुरू करावे लागते; त्याला बॅटरी नाही, सेल्फ नाही, एकही वायर नाही.

या घाटाचे मूळ इंजिन इंग्लंडमधील डर्सलीच्या लिस्टर कंपनीचे, १९३० च्या सुमाराचे. पुढे राजकोटच्या लहानमोठ्या कारखान्यांनी तशीच इंजिने भारतभर पोहोचवली, आणि आमच्या विहिरीवरची मोट आजोबांनी सोडली तीही अशाच एका इंजिनामुळे. त्यामुळे यंत्र मला अनोळखी नव्हते. हँडल मात्र मी स्वतः कधी मारलेले नव्हते.

पहिला महिना माझे मत अत्यंत वाईट होते. डिसेंबरच्या पहाटे वीस-वीस वेळा हँडल मारूनही फक्त पांढरा धूर निघे, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबण्याची ताकद, गेलेले इंजिन गळ्यात मारले असे मी घरात सर्वांना सांगत होतो. ते मत मी मागे घेतो. शेजारच्या मळ्यातील एका वृद्ध मिस्त्रीमामांनी माझे हँडल मारणे दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "आधी नोझल बोलू द्या, मग लिव्हर सोडा." लिव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह उघडा धरणारा छोटा दांडा. ती वर असताना व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. त्या वेळी कान देऊन ऐकले, तर डिझेल फवारले जाताना नोझलमधून कर्र असा बारीक आवाज येतो. तो येत नसेल तर डिझेलच्या पाइपात हवा आहे. नट सैल करून हवा काढल्याशिवाय कितीही दम लावला तरी इंजिन सुरू होत नाही. आवाज आला, चाकाने पुरेसा वेग घेतला आणि मग लिव्हर सोडली, तर चाकाच्या वेगाच्या जोरावर पिस्टन दाबाच्या टप्प्यातून पार होतो, तापलेल्या हवेत डिझेल पेटते आणि इंजिन धरते. मी अर्ध्या वेगातच लिव्हर सोडत होतो. आता थंडीतही तिसऱ्या प्रयत्नाच्या पुढे जावे लागत नाही. वेग कमी असताना लिव्हर सोडली तर इंजिन उलटा झटका देते, क्वचित उलटे फिरूही लागते आणि एअर फिल्टरमधून धूर येतो. तसे झाले तर ताबडतोब डिझेल बंद करावे.

माझी खरी तक्रार हँडलची आहे. हँडलच्या नळीला तिरपी खाच असते आणि ती शाफ्टवरच्या पिनेत अडकते. इंजिनाने वेग घेतला की पीन त्या तिरप्या कडेवरून घसरून हँडलला बाहेर ढकलते; हात सुरक्षित राहतो तो एवढ्या एका उतारामुळे. माझ्या हँडलच्या त्या कडेवर कोणीतरी पूर्वी वेल्डिंग केले होते आणि ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा तसाच सोडला होता. जानेवारीत पीन त्या गोळ्याला अडकली, हँडल इंजिनाबरोबर फिरले आणि माझे मनगट तीन आठवडे सुजले. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवण्याची सवय मामांनी लावली होती, म्हणून तो वाचला. विकणाऱ्याकडे गेलो, तर हँडल ही दोनशे रुपयांची वस्तू आहे आणि तिची जबाबदारी कोणी घेत नसते, असे उत्तर मिळाले. मला ते मुळीच मान्य नाही. इंजिन घेताना लायनर, रिंग, पिस्टन सर्व पाहतात. कृपा करून हँडलची खाचही हातात घेऊन, बोट फिरवून पाहावी.

पंप चालवताना डिझेलचा खर्च तासाला सव्वा लिटरच्या आसपास येतो, म्हणजे रोजच्या सिंचनाला हे इंजिन परवडत नाही. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप जेमतेम २० ते २२ फुटांवरचे पाणी ओढतो, त्यामुळे मार्चमध्ये विहिरीचे पाणी खाली गेल्यावर ते त्या कामातून बाद झाले. इंजिन विहिरीच्या टप्प्यावर उतरवण्याचा सल्ला काहींनी दिला. तो मी मानला नाही, कारण विहिरीत साचलेला धूर माणसाला बाहेर येऊ देत नाही. उन्हाळाभर मी त्यावर कडबा कुट्टी चालवली आणि त्या कामात एक दिवसही खंड पडला नाही. पंपाचे गार पाणी थेट इंजिनातून जोरात सोडू नये. इंजिन थंड राहते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी धरते. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल इतपतच कॉक उघडावा.

नवे हँडल मी गावातील लोहाराकडून समोर बसून करून घेतले, खाचेची कड कानसीने स्वतः गुळगुळीत केली आणि मुठीवर सैल फिरणारी पाइपाची नळी बसवली. त्याला ४५० रुपये लागले. जुने हँडल दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते मधोमध कापून टाकले आहे.