लेओतोची रोजनिशी: सात महिने वापरल्यावर

काल रात्री पुस्तकाची बांधणी निखळली आणि 1903 सालची पानं मांडीवर पडली. विक्रेत्याने ‘कडक कंडिशन’ म्हणून साडेसहाशे घेतले होते. फोन केला तर म्हणे, “साहेब, वाचल्यावर पुस्तक उकलणारच!” बाइंडर तीनशे मागतोय. अर्धी किंमत झाली की.

मूळ एकोणीस खंड परवडणारे नाहीत. माझ्याकडे आहेत निवडक पानं, फ्रेंचमध्ये. फ्रेंच लेखक पॉल लेओतो ही रोजनिशी 1893 पासून 1956 साली मरेपर्यंत लिहीत होता, तेही पिसाच्या लेखणीने, मेणबत्तीच्या उजेडात.

पहिले दोन महिने वाटलं, पैसे पाण्यात गेले. कारण मांजरं! मला हव्या होत्या पॅरिसच्या साहित्यिकांच्या कुचाळक्या. त्या आहेत, झणझणीत आहेत. पण मध्येच मांजर हरवतं, सापडतं, मरतं, बागेत पुरलं जातं. आयुष्यभरात तीनशेच्या वर मांजरं पाळली म्हणतात, कुत्री वेगळी. 1908 ते 1941 ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या साहित्यिक नियतकालिकात सेक्रेटरी, पगार तुटपुंजा, आणि स्वारी पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझच्या घरी जनावरांसाठी पाव वाहून नेतेय. मी ती पानं सरळ उलटायचो.

मग हाती 1903 ची पानं आली. बाप फिर्मां, पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेज नाट्यगृहातला प्रॉम्प्टर, मरणपंथाला लागलेला. आई तर जन्मल्यावर लगेच सोडून गेलेली. मुलगा उशाशी बसून बापाचा चेहरा कसकसा बदलतो ते टिपतोय. किळस आली. आणि हाच माणूस पुढे एका मांजरासाठी ढसाढसा रडतो. तेव्हापासून मांजरांची पानं वगळणं बंद केलं. उलटलेलीही परत वाचली.

मोरिस ब्वासार या नावाने तो नाट्यसमीक्षा लिहायचा. काटछाट करायला सांगितली म्हणून 1923 साली एका नियतकालिकाचं काम सोडलं. पगाराची मारामार असताना! इथे मी सलाम ठोकला. युद्धकाळातले ज्यूंबद्दलचे शेरे वाचून मात्र पुस्तक आठवडाभर पालथं ठेवलं होतं. तो सलाम तेवढ्यापुरताच.

नव्या वाचकाने आधी रोबेर मालेने रेडिओवर घेतलेल्या त्याच्या मुलाखती ऐकाव्यात, 1950-51 च्या. जवळजवळ ऐंशीचा म्हातारा, चिरका आवाज, मध्येच खो-खो हसणं. त्यानंतर कुठे फ्रान्सभर नाव झालं. मी हे उलट्या क्रमाने केलं, दोन महिने फुकट गेले.

बाइंडरकडे गेलो नाही. वाटीभर खळ शिजवून लावलीय, वर पाटा ठेवलाय. सकाळी बघतो.