रिंगचे डबे: कोणता सहज उघडतो, कोणता बोट कापतो

आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्याला रिंग असावी की नसावी, हा प्रश्न किरकोळ नाही. मे महिन्यात कॅनिंगला गेलेला हापूस पुढे वर्षभर घरोघरी उघडला जातो, तो बहुतेक वेळा पानं वाढायला घेतल्यावर. साध्या झाकणाच्या डब्याला ओपनर लागतो. तो वेळेवर सापडत नाही, सापडला तर बोथट निघतो, आणि मग सुरी आणि बत्ता बाहेर येतात. सुरीने फोडलेल्या डब्याच्या कडा दातेरी होतात, पत्र्याचे बारीक कीस रसात पडतात आणि सुरी घसरली तर हात कापतो. रिंगच्या झाकणाने हे सगळं टळायला हवं. काही डब्यांत ते टळतं, काहींत नाही. इथे परीक्षण आहे ते झाकणांचं, आतल्या मालाचं नाही.

आधी झाकणाकडे नीट पाहा. बाहेरची उंच वळलेली कड म्हणजे डबल सीम. झाकणाचा आणि डब्याचा पत्रा एकमेकांत अडकवून दाबलेला असतो आणि मध्ये रबरासारख्या सीलिंग कंपाउंडचा थर असतो. तिच्या लगेच आत एक गोल रेघ दिसते, ती खाच. झाकण फाटतं ते इथे. बऱ्याच झाकणांवर या खाचेला लागून दुसरी, उथळ रेघ असते. तिचं काम वेगळं आहे. मुख्य खाच ठोकताना बाजूला सरकणारा पत्रा तिथे सामावतो, आणि खाच वेळेआधी तडकत नाही. झाकणाचा पत्रा साधारण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि खाचेच्या तळाशी त्यातला निम्म्याहून कमी उरतो. सगळी करामत या उरलेल्या पत्र्यात आहे. तो जरा जाड राहिला तर रिंग तुटून हातात येते, जरा पातळ राहिला तर डबा ट्रकमध्येच गळायला लागतो. इथली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजावी लागते.

रिंग धरून ठेवणारं बटण म्हणजे वेगळा खिळा नव्हे. झाकणाचाच पत्रा फुगवून रिंगच्या भोकातून वर काढतात आणि चेपतात, त्यामुळे झाकणाला भोक पडत नाही आणि गळतीचा प्रश्न येत नाही. ही युक्ती ओहायोतल्या डेटनच्या एर्मल फ्रेझ यांची. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरच्या डब्यांवर ती बाजारात आली. आजच्या आमरसाच्या डब्यावरचं बटणही त्याच घडणीचं आहे.

आता उघडण्याबद्दल. ज्याला आपण ‘झाकण ओढणं’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि बहुतेक घोटाळे त्या एकत्र केल्याने होतात. पहिली क्रिया उचलण्याची. डबा ओट्यावर ठेवा, झाकण ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. हे टाळू नका, कारण रिंगचं टोक खाच फोडताना झाकणाची कड किंचित आत ढकलतं आणि गोदामातली धूळ तिथूनच रसात उतरते. मग रिंग सरळ उभी होईपर्यंत उचला. ‘टक’ असा आवाज येतो आणि त्यापाठोपाठ बारीक ‘स्स’. रस गरम भरून डबा बंद केलेला असतो, थंड झाल्यावर आत निर्वात तयार होतो, आणि हा आवाज बाहेरची हवा आत जाण्याचा आहे. उलट रस फसफसून बाहेर आला तर माल बिघडलेला आहे, चव न घेता टाकून द्या.

दुसरी क्रिया सोलण्याची. रिंग आकाशाकडे उपसायची नाही. ती मागे, डब्याच्या पलीकडच्या कडेकडे न्यायची, म्हणजे झाकण गुंडाळल्यासारखं उलगडत येतं. दुसऱ्या हाताने डबा अंगापाशी, कोरड्या फडक्यात घट्ट धरा. फ्रिजमधून काढलेल्या डब्यावर पाणी सुटतं आणि तो हमखास निसटतो. शेवटचा इंचभर भाग राहिला की हाताचा जोर कमी करा आणि अगदी हळू सोडवा. ताणलेलं झाकण सुटताना स्प्रिंगसारखं उसळतं. रसाचे शिंतोडे अंगावर येतात ते याच क्षणी, आणि बोटंही बहुतेक याच क्षणी कापतात.

आमरसाच्या डब्याच्या झाकणात खोट निघते ती रिंगखाली. डब्याच्या व्यवहारात माप इंच आणि सोळांशात सांगतात. ४०१ म्हणजे ४ इंच आणि १ सोळांश, आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्याचं नेहमीचं माप. झाकण जितकं मोठं तितकी खाच लांब आणि आतला निर्वात झाकणाला जास्त जोराने खाली ओढतो. त्यात रिंग झाकणाला चिकटून बसली असेल तर नख आत जात नाही. चांगल्या झाकणात रिंगच्या टोकाखाली पत्र्याला बोटाच्या पेराएवढा खोलगट भाग दिलेला असतो. विकत घेताना बोट फिरवून पाहा. खोलगट भाग असलेल्या ४०१ झाकणाला पाचपैकी साडेतीन, नसलेल्याला दोन. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला या दोघांतला फरक म्हणजे डबा स्वतः उघडता येणं आणि न येणं, इतका मोठा आहे. खोलगट भाग नसेल तर चपट्या दांड्याचा चमचा रिंगखाली सरकवून उचला. नखाने सुरुवात करूच नका.

कंडेन्स्ड मिल्कच्या ४०० ग्रॅमच्या आसपासच्या डब्याचं झाकण बरंच लहान असतं. खाच आखूड, आतला माल घट्ट, शिंतोडे जवळपास नाहीत. उघडण्याच्या दृष्टीने, रिंग ओढून झाकण पूर्ण सोलायच्या डब्यांत हा सर्वांत समजूतदार. पाचपैकी चार. एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. बंद डबा तासन्‌तास पाण्यात उकळून आतल्या दुधाचं कॅरमल करण्याची पद्धत अनेक ठिकाणी सांगितली जाते. रिंगच्या डब्यावर ती अजिबात वापरू नका. खाच म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर रेघ. पाणी आटून डबा उघडा पडला की आतला दाब आधी तिलाच फोडतो आणि उकळतं दूध तोंडावर येतं.

रसगुल्ल्याच्या एक किलोच्या डब्याची अडचण वेगळी. पाक काठोकाठ असतो, त्यामुळे झाकण सोलता सोलता तो मनगटावरून कोपरापर्यंत येतो. उपाय सोपा आहे. पहिली ‘टक’ झाली आणि दोन बोटं फट पडली की थांबा, डबा वाटीत कलता करून अर्धी वाटी पाक काढून घ्या, मगच झाकण पूर्ण सोला. भरताना वर थोडी जास्त जागा ठेवली असती तर ही कसरत लागली नसती, म्हणून पाचपैकी तीन.

ट्यूनाच्या बसक्या डब्याचं झाकण छान सुटतं, पण रिंग तुटली तर तो सगळ्यात जास्त अडवतो. त्याचा तळ आणि भिंत एकाच पत्र्यातून ओढून काढलेली असते. तळाला सीमच नाही, मग डबा उलटा करून ओपनर लावावा म्हटलं तर चाक धरणार कुठे? तिथे वरच्याच बाजूने, सीमच्या आतून ओपनर फिरवावा लागतो. आमरसाच्या डब्याला उभा जोड असतो आणि दोन्ही टोकांना वेगळी झाकणं असतात, म्हणून रिंग तुटली तर तो खुशाल उलटा करा, तळ पुसा आणि चावी फिरवायच्या ओपनरने उघडा. खाच फुटली आहे पण रिंग निम्म्यात तुटली, असं झालं तर उचललेली कड पक्कडीत धरून गुंडाळत न्या. अर्धवट फाटलेल्या झाकणात बोट घालून ओढू नका.

दूधपावडरच्या डब्यावर प्लास्टिकच्या झाकणाखाली जो चंदेरी पडदा असतो, तो या सगळ्यांत हाताला सर्वांत सोपा. ताकद कमी लागते आणि कड आत वळवलेली असल्याने कापत नाही. पडदा सरळ वर न ओढता तिरका, मागच्या बाजूला ओढला तर कडेला तुकडे राहत नाहीत. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गेला तो त्याच्या नाजूकपणापायी. वर प्लास्टिकचं झाकण नसेल तर दुकानाच्या फळीवरच त्याला भोक पडू शकतं.

शीतपेयाच्या डब्याची रिंग सुटून येत नाही. १९७५ मध्ये डॅनियल कुडझिक यांनी रेनॉल्ड्स कंपनीसाठी आणलेली ही रचना. त्याआधी सुटून येणाऱ्या रिंगा समुद्रकिनाऱ्यांवर पडून लोकांचे पाय कापायच्या. रिंग आधी बटण वर उचलते, खाचेला तडा जाऊन दाब सुटतो, आणि मगच तिचं टोक तोंडाचा पत्रा खाली दाबतं. या झाकणात काढायला खोट नाही.

घेताना पाहायच्या गोष्टी. खाचेच्या रेघेवर तांबूस गंज आहे का? खाच ठोकताना पत्र्यावरचा लॅकरचा थर तुटतो. त्यावर पुन्हा लॅकर मारावं लागतं आणि ते नीट बसलं नाही तर कोकणातल्या दमट हवेत गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. पत्र्यावरचा कथलाचा मुलामा म्हणजे आपल्या पितळी पातेल्याची कल्हईच, पण जाडीला मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, तो एकटा पुरा पडत नाही. खाचेवर गंज दिसला तर डबा परत ठेवा. सीमवर पोचा आहे, झाकण फुगलेलं आहे किंवा रिंग आधीच उचललेली आहे, तरीही घेऊ नका. झाकण लोखंडी आहे की ॲल्युमिनियमचं, ते फ्रिजवरचा चुंबक लावून कळतं. ॲल्युमिनियमचं मऊ असल्याने कमी जोरात फाटतं, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी निवड करता येत असेल तर ते बघा.

केटरिंगच्या तीन किलोच्या डब्यांना रिंग क्वचितच असते. इतक्या रुंद झाकणाला जाड पत्रा आणि फार लांब खाच लागते, आणि थप्पीत एकावर एक ठेवलेल्या डब्यांचा भार त्या खाचेवर येतो. तिथे भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला ओपनरच योग्य, आणि त्याचं पातं रोज धुवायला हवं. घरगुती ८५० ग्रॅमच्या डब्याला मात्र ही सबब चालत नाही. साधं झाकण लावून थोडे पैसे वाचवण्यापेक्षा खोलगट भागाची रिंग देणाऱ्या उत्पादकाचा डबा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

उघडल्यावर रस डब्यात ठेवू नका. फाटलेल्या कडेला लोखंड उघडं पडलेलं असतं, रस आंबट आणि हवा लागलेली, त्यामुळे धातूची चव उतरते. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनतीन दिवसांत संपवा. सुटलेलं झाकण सुट्टं कचऱ्यात टाकू नका, त्याची कड पात्यासारखी असते. डबा विसळून झाकण आत टाका, तोंड दोन्ही बाजूंनी पायाने चेपा आणि मग सुक्या कचऱ्यात द्या. घंटागाडीवर तो कचरा हाताने वेगळा केला जातो.