प्रोग्रेसिव्ह चष्मा करायचाय? नौपाड्यातल्या काकांकडे जा

ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक जुनं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी लागलेल्या आणि प्रोग्रेसिव्ह काचा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) करायच्या असलेल्या प्रत्येकाने इथे एकदा जावं, असं मला मनापासून वाटतं. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. काका "या" म्हणतात आणि थेट कामाला लागतात.

मी हौसेने निवडलेली बारीक फ्रेम त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ताई, दिसते छान, पण उंची कमी आहे. वर लांबचा नंबर, खाली जवळचा. एवढ्याशा काचेत वाचायला जागा कुठे उरणार?" दुसरी फ्रेम नाकावर नीट बसवली, काड्या गरम करून कानामागे वळवल्या. मग स्टूल ओढून माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसले आणि डमी काचेवर दोन्ही बाहुल्यांसमोर पेनाने ठिपके दिले. मला चालायला लावलं, परत बसवलं, एक ठिपका पुसून जरासा वर घेतला. हे माप एक-दोन मिलिमीटर चुकलं तरी वाचताना सारखी हनुवटी वर करावी लागते. कडेला धूसर दिसेल, जिना उतरताना मान खाली घालून बघा, सवय व्हायला आठ-पंधरा दिवस जातील, हे सगळं त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं.

ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा, घेऊ का, विचारलं. "डॉक्टरांनी लिहिलंय? नाही ना? मग राहू दे." बरोबरच होतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यातही अशा काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही.

याआधी मी मॉलमधल्या एका शोरूममध्ये गेले होते. तिथली मुलगी प्रत्येक फ्रेमला "मॅम, एकदम सूट होतंय" म्हणत होती, त्याच सुरात, अगदी माझ्या कानांना टोचणाऱ्या फ्रेमलासुद्धा. ब्लू कट तिने न विचारताच बिलात धरला होता. निघताना पाच स्टार द्या, आणि माझं नाव लिहा, अशी विनंती.

त्या मुलीला मी दोष देणार नाही. मी ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळ्या केल्यात. ग्राहकाचं काम चोख झालं तरी "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन" म्हणायचं राहिलं की क्वालिटीवाले मार्क कापायचे. शिव्या ऐकून फोन म्यूट करायचा, पाणी प्यायचं आणि पुढच्या कॉलला पुन्हा तोच उत्साह. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये याला भावनिक श्रम म्हटलं: चेहऱ्यावर काय दिसावं, हेही पगारातच धरलेलं.

आवाजात हसू आणणं मला खोटेपणा वाटत नाही. घाबरून फोन करणाऱ्याला माझ्या आवाजाने धीर यायचा, तो धीर खरा होता. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. "ही फ्रेम तुमच्यासाठी नाही" असं म्हणायची त्या मुलीला मुभाच नव्हती.

काकांना ती मुभा आहे, कारण दुकान त्यांचं. पण त्यांच्याकडे काउंटरवर एक तरुण मुलगी आहे. माझ्यासमोर तिने एका शाळकरी मुलाच्या आईला सांगितलं, "काकू, नवीन चष्मा कशाला? फ्रेम चांगली आहे, नुसत्या काचा बदलू." काका शेजारीच होते. त्यांनी मान वरही केली नाही. आणि ती हे स्टुलावर बसून सांगत होती. दुकानातल्या माणसांना बसायची सोय हवी म्हणून केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात बदल करावा लागला. दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना हसणं काय असतं, ते कधीतरी मॉलमधल्या पोरींना विचारा.

उणिवा आहेत. फ्रेम्स मोजक्याच, काचा यायला आठवडा लागतो, शनिवारी संध्याकाळी ताटकळावं लागतं. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. डोळे तपासून नंबर घेऊनच जा. चष्मा घसरायला लागला तर परत दाखवा, काड्या बसवून द्यायचे ते पैसे घेत नाहीत.