डोमेन विकताना बोलणी कुणी करावी: आपण की दलालाने?

दहा-बारा वर्षांत मी विकलेली डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, मोजून नऊ. पाच दलालामार्फत गेली, चार मी स्वतः मेल लिहून विकली. अनुभव तोकडाच, पण दोन्हीकडचा आहे. ओळखीतलं कुणी ना कुणी अधूनमधून विचारतं: पडून असलेल्या डॉट इनला किंवा डॉट कॉमला गिऱ्हाईक आलंय, स्वतः बोलू की सेडो, आफ्टरनिकसारख्या डोमेनच्या ऑनलाइन बाजारात टाकून मोकळा होऊ? कमिशनचे दर त्यांच्या पानावर मिळतील. मला सांगायचंय ते बोलण्याच्या रीतीबद्दल. माझे जे सौदे फिसकटले, त्यातले निम्म्याहून जास्त आकड्यापायी नव्हे, शब्दापायी फिसकटले.

दलालाला राग येत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू. आपण सात वर्षं पैसे भरून जपलेल्या नावाबद्दल कुणी लिहितं, ‘हजार रुपये देतो, नाहीतरी पडूनच आहे तुमचं’, की हात शिवशिवतात. असल्याच एका मेलला मी रात्री साडेअकराला उत्तर धाडलं होतं, ‘हजारात चपला येतात, डोमेन नाही.’ पाठवल्यावर पाच मिनिटं फार बरं वाटलं. तो माणूस पुन्हा आला नाही आणि पुढच्या दोन वर्षांत त्या नावाला दुसरं कुणी विचारलंही नाही. जुन्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. चारचौघांत कुणाच्या बैलाला कमी किंमत ऐकावी लागायची नाही. दलाल म्हणजे तो रुमाल. तापट माणसाने तो वापरावा, यात कमीपणा नाही.

घेणारा मोठा असेल तर त्यालाही रुमाल हवाच असतो. आपलं नाव कळलं की भाव चढणार, हे त्याला ठाऊक असतं. २०१९ मध्ये व्हॉईस डॉट कॉम तीन कोटी डॉलरना गेलं, तेव्हाही मध्ये दलाल होते. एवढ्या रकमेची बोलणी कुणी स्वतःच्या मेलवरून करावी असं मी म्हणणार नाही. परदेशी गिऱ्हाईक, डॉलरमधले पैसे, एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवणं), वेगवेगळ्या वेळा, या सगळ्यात दलाल सुखाचा पडतो. माझे पाचही सौदे पैशाच्या बाजूने बिनघोर पार पडले, हे कबूल करायला हवं.

तरीही मी हल्ली बहुतेक नावं त्यांच्याकडे देत नाही. कारण एकच आहे आणि ते तुम्हाला क्षुल्लक वाटू शकेल: आपल्या तोंडी काय घातलं जातंय ते आपल्याला दिसत नाही.

गुळाशी संबंधित एक मराठी शब्द माझ्याकडे डॉट इनमध्ये होता. एका बाजारपेठेवर, तिचं नाव नको, मी तो टाकला होता. पाच हजारांची मागणी आली. मी साठ सांगितले आणि मनात पस्तीसपर्यंत उतरायची तयारी होती. दलालाच्या खिडकीत आकडा टाकायला चौकोन होता, शब्द लिहायला जागा नव्हती. तीन आठवडे काही हललं नाही, मग ‘खरेदीदाराने प्रतिसाद दिला नाही’ अशी ओळ येऊन सौदा बंद झाला. आठ महिन्यांनी ओळखीतून एकाचा फोन आला. कोल्हापूरकडचे, गुळाचाच धंदा. त्यांच्या पुतण्याने मागणी टाकली होती. त्याला आलेला मेल त्यांनी मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की आपली मागणी मालकाने विचारात घेण्याजोगी नाही, अठ्ठेचाळीस तासांत गंभीर आकडा द्यावा. पुढे आणखी दोन स्मरणपत्रं, दुसरं पहिल्यापेक्षा कडक. सगळं इंग्रजीत, आणि सगळं ‘मालकाच्या वतीने’.

‘पोरगं घाबरलं हो,’ ते म्हणाले. ‘म्हणालं, काका, कोर्टाबिर्टाचं काही निघायचं.’

मी तसलं काहीच म्हटलं नव्हतं. उलट गुळाचा माणूस आहे एवढं कळलं असतं, तर पहिल्याच मेलमध्ये ‘हप्त्याने दिलेत तरी चालेल’ असं लिहिलं असतं. तोवर त्यांनी दुसरं नाव घेऊन पिशव्याही छापल्या होत्या. त्या दलालाने वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. त्याचा ठराविक मजकूर असतो, तो शंभर जणांना तोच जातो, आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला त्यात काही खुपतही नसेल. पण इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या माणसाला ती दमदाटी वाटते, आणि दमदाटी माझ्या नावाने झालेली असते.

आता स्वतः लिहिण्याची बाजू. मे २०१८ पासून हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाचं ते सांगणाऱ्या जाहीर नोंदीत, मालकाचा पत्ता बहुधा झाकलेला असतो, म्हणून नावावर एक साधं पान ठेवावं लागतं: ‘हे नाव विक्रीस आहे’, खाली आपलं नाव आणि मेल. तिथून येणाऱ्या दहा मेलपैकी चार-पाच ठगांचे असतात. ‘मोठी रक्कम देतो, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणा’ असं कुणी लिहिलं की तो दाखल्याच्या फीवर डोळा ठेवून आलेला असतो. त्याला सभ्य उत्तरही देऊ नये. गप्प राहणं पुरे.

उरलेल्यांशी मी जे पाळतो ते थोडं आहे. उत्तर सकाळी लिहायचं. कितीही कमी मागणी असली तरी आधी चौकशीबद्दल आभार, मग स्पष्ट आकडा आणि तो कुठल्या तारखेपर्यंत धरायचा ते. ‘तुम्ही कोण, कुठली कंपनी’ हे विचारायचं नाही. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो. दोन आठवड्यांनी एकच आठवण, त्यापुढे नाही. आणि नकार द्यायचा तर दार उघडं ठेवून: ‘या किमतीला मला जमणार नाही, पुढे विचार बदलला तर जरूर कळवा.’ माझ्या चारपैकी एक सौदा या ओळीवर चौदा महिन्यांनी परत आला.

फोनचं मात्र जपून. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप हवं असतं आणि तिसऱ्या वाक्याला तो ‘लास्ट किती, फायनल बोला’वर येतो. त्यात त्याचा उद्धटपणा नसतो, भाजीपासून फ्लॅटपर्यंत आपण असंच बोलतो. पण फोनवर माझी जीभ घसरते. म्हणून मी म्हणतो, ‘आकडा मेलवर लिहितो, म्हणजे दोघांकडे राहील.’ आजवर कुणी रागावलं नाही.

लिहून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि इथे सौजन्याचा प्रश्न कायद्याला जाऊन भिडतो. यूडीआरपी ही १९९९ पासूनची वादनिवारणाची पद्धत असो की डॉट इनसाठीची आयएनडीआरपी, मुख्यतः ट्रेडमार्कच्या मालकालाच खर्चाहून जास्त किमतीला विकण्यासाठी नाव घेतलं असेल तर तो गैरहेतूचा पुरावा मानला जातो. ‘नाहीतर तुमच्या स्पर्धकाला देतो’ हे वाक्य रागात लिहिलं तरी फाइलला लागतं. गोड भाषाही इथे पुरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या एका तरुणाने जिओहॉटस्टार डॉट कॉमवर रिलायन्ससाठी अगदी नम्र पत्र लावलं होतं, केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागणारं. नकारच आला. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाला लागून असलेलं डोमेन तुमच्याकडे असेल तर ना दलाल ना मेल, आधी वकील.

उलट्या बाजूचं उदाहरण मला जास्त आवडतं. २००३ मध्ये कॅनडातल्या माईक रो नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून डोमेन घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी देऊ केले दहा डॉलर. मुलाने चिडून दहा हजार मागितले, तिकडून कागदपत्रांचा गठ्ठा आला, वर्तमानपत्रांत बोंब झाली आणि जानेवारी २००४ मध्ये कंपनीने गोडीत मिटवलं. दहा डॉलर हा नोंदणीचा खर्च होता, म्हणजे हिशोबाने चूक नव्हता. पण घेणाऱ्याने पहिला आकडा कसा सांगू नये, याला याहून स्वस्त शिकवणी नाही.

तर तुमचं नाव छोटं, इंग्रजी, जगात कुणालाही चालेल असं असेल, किंवा हजार रुपये ऐकून तुमचा रक्तदाब वाढत असेल, तर दलालाकडे द्या. फक्त त्याला आधी विचारा, माझ्या वतीने जाणारा मजकूर मला दाखवणार का? माझ्या माहितीत एकाने ‘हो’ म्हटलं आणि खरंच दाखवला. त्याच्याकडे माझी तीन इंग्रजी नावं अजून आहेत. पण नाव मराठी असेल, घेणारा महाराष्ट्रातला असण्याची शक्यता असेल आणि रक्कम लाखाच्या आत असेल, तर मला वाटतं, एक मेल स्वतः लिहून बघायला हरकत नाही. रुपयांत पैसे आधी की नाव आधी, यावर थोडं अडखळायला होतं. मी निम्मी रक्कम इसार म्हणून घेतो, दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, असेल तर नाव तिथल्या तिथे सरकवतो आणि उरलेली त्याच दिवशी मागतो. अजून कुणी बुडवलं नाही. नऊच सौदे झालेत म्हणा.

गुळाचं नाव माझ्याकडेच आहे. त्याच्या पानावर आता मराठीतही मजकूर लावलाय आणि कोल्हापूरच्या काकांना कळवून ठेवलंय, की पिशव्या संपत आल्या तर आधी मला सांगा.