रोपं लावायची की रान आपसूक वाढू द्यायचं?

उष्णकटिबंधीय जंगल तुटलेली जमीन हाती आली की आधी आजूबाजूला बघा. शे-दोनशे मीटरवर जुनं रान असेल, बुंध्यांना फुटवे येत असतील, तर लागवडीचा खर्च बहुधा वायाच. बिया पक्षी-वटवाघळं आणतात. आपण गुरं आणि वणवा रोखायचा, रोपट्याभोवती मीटरभर गवत फळीनं दाबून आडवं करायचं. नुसतं कापलं तर ते पुन्हा जोमानं फुटतं.

लागवड हवी ती खाणीच्या किंवा बियाच न उरलेल्या जमिनीवर. ३ बाय ३ मीटरनं हेक्टरी सुमारे १,१०० रोपं, पावसाच्या सुरुवातीला, स्थानिक आणि मिश्र जातींची. पुढची दोन-तीन वर्षं गवत काढलं नाही तर रोपं गुदमरतात. आणि नुसती निलगिरी लावून कागदाच्या लगद्यासाठी तोडत राहिलात, तर झाडांत साठलेला बराचसा कार्बन परत हवेत.