राउटरचा मिनी यूपीएस: घ्या, पण आधी अडॅप्टर तपासा

राउटर दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद-चालू होतो म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मागवणारे पुष्कळ आहेत. लाइट जाते तेव्हा ही छोट्या बॅटरीची डबी खरंच कामाची आहे. पण घरात लाइट असतानाच राउटर रीस्टार्ट होत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा अडॅप्टरमध्ये असतं आणि मिनी यूपीएसने ते वाढतंच.

कारण जोडणीत आहे. यातल्या बहुतेक यूपीएसना स्वतःचा अडॅप्टर नसतो. राउटरचाच अडॅप्टर यूपीएसला लावायचा आणि यूपीएसची वायर राउटरला. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर आधी राउटरला जेमतेम ०.५-०.६ अँपिअर देत होता. आता रिकामी बॅटरी चार्ज करण्याचा भारही त्याच्यावरच पडतो. नवा अडॅप्टर हे कसंबसं निभावतो, तीन वर्षं टीव्हीच्या मागे तापलेला निभावत नाही. म्हणून यूपीएसबरोबर १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावाच. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलेला बघून घ्या.

जुना अडॅप्टर बिघडलाय हे कसं ओळखायचं? आधी राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) अपटाइम, म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. नेट गेल्यावर अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल, तर राउटर खरोखर बंद पडला होता आणि संशय विजेवर जातो. अपटाइम चालूच असेल आणि एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल, तर फायबरमध्ये गडबड आहे, तिथे अडॅप्टर बदलून काही होणार नाही.

मल्टिमीटर नुसता पिनला लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून अडॅप्टर चांगला ठरत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. आतला आउटपुट कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) उष्णतेने सुकतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सुकलेला कपॅसिटर भाराविना व्होल्टेज बरोबर दाखवतो, पण वायफायवर चार-पाच मोबाइल एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. म्हणून भार लावूनच मोजा. १ अँपिअरच्या अडॅप्टरला १५ ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर भार म्हणून लावला की सुमारे ०.८ अँपिअर वाहतो. रेझिस्टर फरशीवर ठेवा, चटका बसण्याइतका तापतो. पाच मिनिटांनी व्होल्टेज ११.४ च्या खाली गेलं असेल किंवा सारखं हलत असेल, तर अडॅप्टर बदला. हा रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. अडॅप्टर फोडून कपॅसिटर बदलण्याच्या फंदात मात्र पडू नका. आतला ४०० व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक खूण सापडते. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना दर वेळी राउटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर आधी यूपीएस मोडवर (यात तो जास्त लवकर चालू होतो) करून बघा. तरीही होत असेल, तर अडॅप्टरचा आतला साठा तेवढा क्षणही पुरत नाही. इथे मिनी यूपीएस अगदी चपखल बसतो.

आता बॅकअप. डबीवर ८००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे सुमारे ३० वॅट-अवर. रूपांतरात थोडी गळती धरली आणि राउटर ७ वॅट खातो असं मानलं, तर साडेतीन तास, तेही सेल नवे असताना. काही ठिकाणी गुरुवारी देखभालीसाठी सकाळपासून लाइट बंद ठेवतात, तेवढ्याला तो पुरणार नाही. स्वस्त मॉडेलमध्ये बॅटरी उतरेल तसं आउटपुटही १२ वरून १० च्या खाली घसरतं, आणि काही राउटर तिथेच मान टाकतात. आउटपुट स्थिर १२ व्होल्ट राहतं का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

पिनचं माप चुकणं ही किरकोळ वाटणारी पण त्रासदायक गोष्ट. ५.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास दोन्ही प्रकारच्या प्लगचा सारखा, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५ असतं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ चा प्लग जातो, पण सैल बसतो आणि जरा धक्का लागला की राउटर बंद.

डबी राउटरवर किंवा पडद्यामागे ठेवू नका; आत लिथियम सेल आहेत, फुगलेली दिसली की लगेच काढा.

थेट फायबर घरात आलं असेल, तर वाटेतल्या स्प्लिटरला (सिग्नल घराघरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही आणि लाइट गेल्यावरही यूपीएसवर नेट चालू राहतं. पण केबलवाल्याची लाइन इमारतीतल्या स्विचवरून लॅन वायरने येत असेल, तर लाइट जाताच तो स्विच बंद पडतो. त्या स्विचला बॅकअप आहे का, हे आधी केबलवाल्याला विचारा. नसेल तर यूपीएसचे पैसे खर्च करू नका.