पहिला स्ट्रोब: इनॉन एस-२००० की सी अँड सी वायएस-०३?

स्ट्रोब म्हणजे पाण्याखाली कॅमेऱ्याला जोडायचा वेगळा फ्लॅश. ऑलिम्पस टीजी-६ किंवा ओएम सिस्टिम टीजी-७ हे कॅमेरे पीटी-०५९ हाउसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक कवचात, घालून डायव्ह करणाऱ्यांसाठी आमचा कौल इनॉन एस-२०००ला आहे. कागदावर वायएस-०३ त्याच्याच तोडीचा वाटतो. दोघांचा गाइड नंबर (उजेडाच्या ताकदीचं माप) २०, दोघांत चार एए सेल, आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक पोहोचवणाऱ्या फायबर ऑप्टिक केबलवर चालतात. फरक इतकाच की वायएस-०३ला मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने ठरवायची सोय, नाही; तो फक्त टीटीएलवर चालतो, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

टीटीएल या आपोआप चालणाऱ्या पद्धतीत कॅमेरा आधी एक हलकी चमक सोडतो, परत आलेला उजेड मोजतो आणि स्ट्रोबला किती पेटायचं ते ठरवतो. चौकट भरून मासा असेल तर हिशेब जमतो. काळ्या खडकावर दोन सेंटिमीटरचा पांढरा न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) असेल, तर कॅमेरा खडकाचा अंधार मोजतो आणि न्यूडिब्रँक पांढराफटक जळतो. वायएस-०३वर तेव्हा कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सोय) कमी करावं लागतं. एस-२०००वर बटण मॅन्युअलला नेऊन ताकद एक पायरी खाली आणली की झालं. मात्र मॅन्युअलला जाताना ती पूर्वचमक बंद करायला, किंवा स्ट्रोबला ती ओळखायला सांगायला विसरू नका. नाहीतर स्ट्रोब पूर्वचमकेवरच पेटतो आणि फोटो काळा येतो. स्ट्रोब बिघडला असं समजून लोक तो परत करायला निघतात, ते बहुतेकदा यामुळेच.

आणखी पैसे घालून इनॉनचाच झेड-३३० घ्यावा का? त्याचा गाइड नंबर ३३, म्हणजे प्रकाश सुमारे २.७ पट. पण गाइड नंबर हवेत मोजलेला असतो, पाण्यात तो अर्ध्याहूनही कमी उरतो. शिवाय तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पाणी गढूळ असेल त्या दिवशी मीटरभरापलीकडे कितीही उजेड फेकला तरी तो गाळावर आपटून परत येतो. बॅकस्कॅटर म्हणतात ते हेच: लेन्स आणि मासा यांच्यामधले कण उजळतात आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात. त्यावर उपाय ताकदीचा नाही, जागेचा आहे.

म्हणून उरलेले पैसे आर्मवर, म्हणजे स्ट्रोब कॅमेऱ्यापासून दूर धरणाऱ्या दांड्यांवर, घाला. ट्रे, १५ ते २० सेंटिमीटरचे दोन आर्म, तीन क्लॅम्प. क्लॅम्प ज्याला पकडतो तो गोळा, म्हणजे बॉल, स्ट्रोबसोबत येतोच असं नाही, तो बसवण्याचा अडॅप्टर घेताना विचारून घ्या. रुंद फोटोसाठी स्ट्रोब बाजूला, लेन्सच्या किंचित मागे ठेवा आणि तोंड थोडं बाहेर वळवा. उजेडाच्या शंकूची फक्त कड विषयाला लागली पाहिजे. मॅक्रोला, म्हणजे अगदी जवळच्या फोटोला, तो पोर्टजवळ (हाउसिंगच्या लेन्ससमोरच्या काचेजवळ), दहा-अकरा वाजलेल्या काट्याच्या दिशेने वरून आणा. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश फक्त केबलपर्यंत पोहोचावा, समोर नाही. हाउसिंगवर त्याच्यापुढची जागा काळ्या टेपने झाका. हे राहिलं तर महागड्या आर्मचाही उपयोग नाही.

सेल अल्कलाइन नकोत. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे दोन चमकांमधली वाट लांबते आणि मासा निघून जातो. एनेलूपसारखे निकेल-मेटल हायड्राइड चार सेल एकत्र विकत घ्या, एकत्रच चार्ज करा आणि त्यांवर खूण करा. जुना-नवा सेल मिसळला की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले तिघे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. तो सेल तिथेच मरतो.

ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) ग्रीस अगदी पातळ, चकाकी येण्यापुरतंच, आणि कंपनीने सांगितलेलंच. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबर घसरतं ठेवतं. जास्त लावलं तर वाळू आणि केस धरून ठेवतं, आणि एक केस पुरतो आत पाणी यायला. डायव्हनंतर झाकण बंद ठेवूनच स्ट्रोब अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा.

सेलच्या कप्प्यात समुद्राचं पाणी शिरलंच, तर घाईने झाकण फिरवू नका. खारं पाणी आणि सेल मिळून वायू तयार होतो, आत दाब साठतो, आणि झाकण उडू शकतं. तोंड स्वतःकडे आणि इतरांकडे नसेल असं धरा, अगदी हळू सैल करा, फुस्स होईपर्यंत थांबा. ते चारही सेल टाकून द्या.